मिशिगनच्या बर्फात स्नोमोबिल: सहल कशी आखायची आणि कुठे चुकतं

डिसेंबर लागला की मला ठरावीक फोन येतात. "हॉटेल बुक झालंय, आता स्नोमोबिल कुठे भाड्याने मिळतील?" (स्नोमोबिल म्हणजे पुढे दोन स्की, म्हणजे घसरपट्ट्या, आणि मागे फिरणारा ट्रॅक, म्हणजे रुंद पट्टा, असलेली बर्फावरची स्कूटरसारखी गाडी.) मग एकेक गोष्ट बाहेर येते. हॉटेल ट्रेलपासून, म्हणजे स्नोमोबिलच्या ठरलेल्या वाटेपासून, दहा-बारा मैल लांब आहे. त्या वीकेंडच्या सगळ्या स्नोमोबिल केव्हाच गेल्यात. बरोबर आई-बाबा आहेत आणि बेत मात्र दिवसाला दीडशे मैलांचा आहे. यातली प्रत्येक चूक टाळता येते, फक्त कामांचा क्रम बरोबर हवा. आधी तारीख, मग तळ, मग गाडी, मग कपडे, मग मार्ग. हॉटेलचे पैसे भरून सुरुवात केली की पुढचं सगळं ओढूनताणून बसवावं लागतं.

हा लेख अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या उत्तर भागातल्या अप्पर पेनिन्सुलासाठी आहे. तिकडे सगळे 'यू.पी.' म्हणतात, मीही तेच म्हणतो. राज्यात सहा हजार मैलांहून जास्त लांबीच्या स्नोमोबिल ट्रेल आहेत आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या यू.पी.त. डेट्रॉइट, शिकागो, मिलवॉकीकडच्या मराठी कुटुंबांना गाडीने एका दिवसात पोहोचता येतं. चार ते आठ जणांचा गट, तीन-चार दिवस आणि बहुतेकांची पहिलीच वेळ असं मी धरून चाललो आहे. स्नोमोबिलला तिकडचे लोक नुसतं 'स्लेड' म्हणतात, पुढे तोच शब्द वापरतो.

एक नियम आधीच ठरवून टाका: गटात सगळ्यात हळू चालवणारं, सगळ्यात लवकर थंडी वाजणारं माणूस कोण, ते ओळखा आणि सगळा बेत त्याच्या मापाने करा.

## टप्पा १: तारखा

ट्रेल सपाट करण्याचं काम, म्हणजे ग्रूमिंग, १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात चालतं. याचा अर्थ १ डिसेंबरला बर्फ असतोच असा नाही. डिसेंबरमध्ये बर्फ पातळ, खाली दगड आणि पाणथळ जागा गोठलेल्या नाहीत. मार्चच्या उत्तरार्धात दुपारी चिखल. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी जानेवारीचा तिसरा आठवडा ते फेब्रुवारीअखेर यापलीकडे जाऊ नये.

आपल्याकडे बहुतेक जण जानेवारीतला लाँग वीकेंड धरतात, संक्रांतीच्या आसपास येणारा. फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डे हा दुसरा. या दोन्ही वेळी ट्रेलवर सगळ्यात जास्त गर्दी असते आणि दुपारपर्यंत ट्रेलला उंटाच्या पाठीसारखे उंचवटे येतात. सोमवारऐवजी बुधवार-गुरुवार सुट्टी घेतलीत तर तीच ट्रेल गालिच्यासारखी मिळते आणि भाडंही बऱ्याचदा कमी लागतं.

फेब्रुवारीत हॉटेलं भरण्याची आणखी कारणं आहेत. सुरुवातीला हॉटनमध्ये मिशिगन टेक विद्यापीठाचा विंटर कार्निव्हल असतो, त्याच सुमारास सू सेंट मरीला आय-५०० ही स्नोमोबिलची शर्यत असते, महिन्याच्या मध्यावर मार्केटला कुत्र्यांच्या घसरगाड्यांची यूपी-२०० शर्यत. तारखा पक्क्या करण्याआधी हे बघा.

सावधान: बर्फाची खात्री कुणीच देऊ शकत नाही. २०२३-२४च्या हिवाळ्यात इतका कमी बर्फ पडला की यूपी-२०० आणि कॅल्युमेटची कॉपरडॉग या दोन्ही शर्यती रद्द झाल्या. बुकिंग करताना 'ट्रेल बंद असेल तर पैसे परत मिळतात का, किती दिवस आधी कळवावं लागतं' हे लेखी घ्या. फोनवरच्या "हो हो, बघू आपण" वर विसंबू नका.

## टप्पा २: तळ निवडा

रोज नव्या गावी मुक्काम करत जाण्याचा बेत ऐकायला छान वाटतो, पण पहिल्या वेळी करू नका. सामान कुठे ठेवायचं, स्लेड बंद पडली तर मागे कोण जाणार, एखाद्याला बरं नसेल तर त्याने काय करायचं, या सगळ्यावर एकच उत्तर आहे: एका जागी राहा आणि रोज फेरी मारून परत या.

नवख्यांना मी तीन भाग सुचवतो.

न्यूबरी आणि पॅराडाइज हा पूर्वेकडचा भाग. डेट्रॉइटहून साडेतीनशे मैलांच्या आसपास. जमीन बरीचशी सपाट, जंगल दाट. टाक्वामेनॉनच्या वरच्या धबधब्यापर्यंत स्लेडने जाता येतं. पॅराडाइजपासून तो रस्त्याने चौदा मैल. पहिल्या दिवसासाठी याहून चांगलं ठिकाण मला माहीत नाही. देवदाराच्या दलदलीतून आलेलं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं असतं आणि कडेच्या बर्फावर तो रंग उतरलेला दिसतो.

म्युनिसिंग मध्यभागी आहे. शिकागोहून चारशे मैलांच्या आसपास. गाव छोटं असलं तरी पेट्रोल, दुकान, दवाखाना हाताशी. ज्यांच्याबरोबर एखादी व्यक्ती स्लेड न चालवता नुसती येणार आहे, त्यांच्यासाठी हे बरं.

कीवेनॉ, म्हणजे हॉटन, कॅल्युमेट ते कॉपर हार्बर. बर्फ सगळ्यात जास्त इथे. १९७८-७९च्या हंगामात कीवेनॉ काउंटीत ३९०.४ इंच बर्फ नोंदला गेला, म्हणजे जवळजवळ दहा मीटर. चढउतार आहेत, वळणं आहेत, देखावे अप्रतिम आहेत, पण पोहोचायला लांब. दुसऱ्या सहलीसाठी राखून ठेवा.

मोटेल घेताना एकच प्रश्न नेमका विचारा: "खोलीच्या दारातून स्लेडवर बसून थेट ट्रेलवर जाता येतं का?" उत्तर "जवळच आहे" असं आलं तर पुढचं मोटेल बघा. ट्रेलर ओढायची सवय नसलेल्या माणसाने बर्फात रोज सकाळी ट्रेलर मागे घेण्यात सहलीचा अर्धा जीव जातो.

तपासा: यू.पी.चा बहुतेक भाग डेट्रॉइटच्या वेळेवर चालतो, पण विस्कॉन्सिनला लागून असलेल्या गोजेबिक, आयर्न, डिकिन्सन आणि मेनोमिनी या चार काउंट्या शिकागोच्या वेळेवर चालतात. स्लेड परत करायची वेळ कुठल्या घड्याळाने आहे ते विचारून ठेवा.

## टप्पा ३: स्लेड, कागद आणि विमा

तळ ठरला की त्याच गावात, शक्य तर त्याच मोटेलच्या शेजारी स्लेड भाड्याने बघा. एका स्लेडचं दिवसाचं भाडं साधारण २०० ते ३५० डॉलर पडतं, अनामत वेगळी. लोक पैसे वाचवायला आठ जणांत चार स्लेड घेतात आणि दोघे-दोघे बसतात. दोघांची स्लेड वेगळी असते, तिला मागे पाठटेका, हाताला धरायला जागा आणि गरम होणाऱ्या मुठी असतात. एकट्याच्या स्लेडवर दुसऱ्याला बसवणं धोक्याचं आहे, आणि भाड्याच्या करारातही ते सहसा बसत नाही.

फोर-स्ट्रोक इंजिनाची स्लेड मागा. ती शांत असते, पेट्रोल कमी खाते आणि अंगठा लागताच उसळी मारत नाही. नवख्याला जास्त ताकदीची स्लेड म्हणजे 'चांगली' स्लेड असं वाटतं. दुकानदाराला आपला अनुभव शून्य आहे हे स्पष्ट सांगा, त्यात लाज कसली.

कागदांचं असं:

- प्रत्येक स्लेडला नोंदणी हवीच, शिवाय मिशिगनचा ट्रेल परमिट स्टिकर हवा. तो १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर चालतो. भाड्याच्या स्लेडवर बहुधा लावलेला असतो, तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघा.
- हेल्मेट सक्तीचं.
- १२ ते १६ वयाच्या मुलांना चालवायचं तर सुरक्षा प्रमाणपत्र किंवा प्रौढ व्यक्तीची थेट देखरेख हवी. भाड्याने देणारे मात्र मुलांना स्लेड चालवायला देत नाहीतच, असं समजून चला.
- दारूची मर्यादा गाडीसारखीच, रक्तात ०.०८ टक्के. ट्रेलवरच्या उपाहारगृहांबाहेर दुपारी स्लेडची रांग दिसते. आपला गट त्या रांगेत चहा-कॉफीसाठीच असू दे.

विम्याकडे सगळे दुर्लक्ष करतात. भाड्याच्या करारात स्लेडचं नुकसान किती रकमेपर्यंत तुमच्या खिशातून जाणार ते लिहिलेलं असतं. वाकलेली स्की आणि फुटलेलं पुढचं आवरण ही सगळ्यात नेहमीची बिलं. नुकसानमाफीचं जादा शुल्क भरलं तरी ठरावीक रकमेपर्यंत तुम्हीच देणं लागता, तो आकडा मोठ्याने वाचून गटाला सांगा. भारतातून आलेल्या आई-बाबांची व्हिजिटर्स पॉलिसी असेल तर 'मोटरवरचे हिवाळी खेळ' वगळलेत का ते बघा. बऱ्याच पॉलिसींत वगळलेले असतात. वगळलेले असतील तर त्यांना स्लेडवर बसवू नका, धबधब्यापर्यंत मोटारीने न्या.

तपासा: स्लेड ताब्यात घेताना चारही बाजूंनी, खालून ट्रॅकचा आणि दोन्ही स्कीचा व्हिडिओ काढा. आधीचे ओरखडे दुकानदारासमोर कागदावर लिहून घ्या.

## टप्पा ४: कपडे

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण सहल इथेच बिघडते.

हवा उणे १८ सेल्सियस असताना तुम्ही ताशी ४० मैलांनी गेलात, तर उघड्या कातडीला ती उणे ३४ सारखी लागते. अशा वाऱ्यात अर्ध्या तासाच्या आत हिमदंश होऊ शकतो. शिकागोच्या रस्त्यावर चालतं ते जाकीट इथे चालत नाही, कारण शहरात तुम्ही चालता आणि अंग तापतं. इथे तुम्ही बसलेले असता.

सुती कपडा अंगाला लागता कामा नये. जीन्स नाही, बनियन नाही, सुती मोजे नाहीत. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि थांबलात की तोच घाम अंग गार करतो. आत लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा घट्ट थर, वर फ्लीस, त्यावर वारा न शिरणारं जाकीट आणि छातीपर्यंत येणारी बिब पँट. बिब महत्त्वाची. नुसती पँट असेल तर वाकलं की कमरेशी फट पडते आणि बर्फ आत जातो. बहुतेक दुकानांत जाकीट, बिब, बूट आणि हेल्मेट भाड्याने मिळतं. आपल्या मापाचं आहे का ते स्लेड ठरवतानाच विचारा, लहान मुलांची आणि ठेंगण्या बायकांची मापं आधी संपतात.

बूट एक नंबर मोठे. दोन जाड मोजे कोंबून घट्ट बूट घातले की रक्त खेळत नाही आणि बोटं आधी बधिर होतात. एकच जाड लोकरीचा मोजा पुरतो.

हातमोजे दोन जोड. एक घालायला आणि एक कोरडा, जाकिटाच्या आत. पेट्रोल भरताना मोजा भिजला तर तो बदलायचा. पेट्रोलने भिजलेला हात वाऱ्यात फार झपाट्याने गार पडतो.

चष्मा असणाऱ्यांची अडचण वेगळी. हेल्मेटच्या आत श्वासाची वाफ वर चढते आणि दोन मिनिटांत समोर दूध दिसतं. तोंडावर बसणारं श्वास-आवरण असलेलं हेल्मेट घ्या, किंवा विजेवर तापणारी काच असलेलं. शक्य असेल त्यांनी कॉन्टॅक्ट लेन्स लावाव्यात. काच पुसायला थांबायचं असेल तर आधी ट्रेलच्या उजव्या कडेला जा.

आणि आपल्या घरातल्या बायकांसाठी काही गोष्टी, ज्या इंग्रजी पत्रकांत सापडत नाहीत. कानातलं, विशेषतः कुड्या आणि झुबे, खोलीतच ठेवा. हेल्मेट चढवताना ते ओढले जातात आणि धातू कानाच्या पाळीला गारठवतो. मंगळसूत्र आतल्या थराच्याही आत. ओढणी किंवा लांब मफलर अजिबात नको, त्याचं टोक फिरत्या भागात अडकू शकतं. गळ्याला नळीसारखा बंद नेक-गेटर घाला. लांब केसांची वेणी घालून जाकिटाच्या आत. ट्रेलवर स्वच्छतागृहं फार कमी आहेत आणि बिब उतरवायला पाच मिनिटं लागतात, म्हणून प्रत्येक थांब्यावर, गरज वाटो न वाटो, सगळ्यांनी जाऊन यायचं.

सावधान: इन्सुलिन गोठलं की निकामी होतं. ते आणि फोन दोन्ही सगळ्यात आतल्या खिशात, अंगाशी. स्लेडच्या डिकीत औषध ठेवू नका.

## टप्पा ५: मार्ग

मोटारीचा हिशोब इथे लावू नका. ट्रेलवर ताशी ३५ने चाललात तरी थांबे, रस्ता ओलांडणं, गॉगल पुसणं, फोटो, पेट्रोल हे सगळं धरून सरासरी ताशी १५ ते २० मैलांच्या वर जात नाही. जानेवारीच्या मध्यावर हॉटनला साडेआठनंतर उजाडतं आणि साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. नऊला निघून चारला परत, असा सात तासांचा दिवस धरा.

त्यातून नवख्यांसाठी हात राखून आकडे असे धरा. पहिला दिवस: ३० ते ४० मैल. दुसरा: ६०. तिसरा, सगळे ठणठणीत असतील तरच: ८०. कुणीतरी म्हणेल, "एवढंच?" संध्याकाळी उजव्या हाताचा अंगठा आणि पाठ त्याला उत्तर देतात.

मार्ग कागदावर असा आखा:

१. मिशिगनच्या नैसर्गिक संसाधन विभागाचा, म्हणजे डीएनआरचा, ट्रेल नकाशा घ्या. ट्रेलना क्रमांक असतात. कागदी नकाशा घ्याच, आणि तोच नकाशा फोनवर इंटरनेटशिवाय चालेल असा उतरवून ठेवा. जंगलात मैलोन् मैल सिग्नल नसतो.

२. आधी पेट्रोलपंप खुणा करून घ्या, मग वाट जोडा. पूर्ण टाकीवर स्लेड साधारण १०० ते १५० मैल जाते, पण ताज्या खोल बर्फात जास्त पिते. म्हणून दर ५०-६० मैलांवर पंप यायला हवा आणि अर्धी टाकी झाली की भरायचीच. प्रत्येक पंपाला आदल्या दिवशी फोन करा. आडगावातले पंप आणि खानावळी आठवड्याच्या मधल्या दिवशी बंद असू शकतात.

३. दुपारी एकच्या आत परतीचा फाटा यायला हवा. तो आला नाही तर जिथे असाल तिथून मागे फिरा. आलेली वाट ओळखीची असते.

४. गोठलेलं तळं ओलांडणारा 'शॉर्टकट' नकाशातून खोडून टाका. बर्फ किती जाड आहे हे वरून दिसत नाही, खालून झरा वाहत असेल तर तेवढाच पट्टा पातळ राहतो. स्थानिक माणूस जाताना दिसला म्हणून मागे जाऊ नका.

बर्फाच्या अंदाजाचं एक वैशिष्ट्य लक्षात घ्या. यू.पी.च्या उत्तरेला असलेल्या लेक सुपीरियर या प्रचंड सरोवरावरून येणारा गार वारा पाण्यावरची वाफ उचलतो आणि किनाऱ्यावर अरुंद पट्ट्यांत बर्फ टाकतो. त्यामुळे एका गावात ऊन आणि वीस मैलांवर हात न दिसेल असं वादळ, हे नेहमीचं. फक्त मुक्कामाच्या गावाचा अंदाज बघून निघू नका, टोकाच्या गावाचाही बघा. राष्ट्रीय हवामान सेवेचा अंदाज सकाळी निघण्याआधी वाचा आणि डीएनआरच्या पानावर ट्रेल बंद झाल्याच्या सूचनाही त्याच वेळी.

तपासा: आजचा मार्ग, फाट्यांचे क्रमांक आणि परतीची वेळ मोटेलच्या काउंटरवर लिहून द्या. सातपर्यंत आलो नाही तर कुणाला फोन करायचा तेही लिहा.

## टप्पा ६: बरोबर काय घ्यायचं

गटात मिळून: ओढायचा पट्टा, जादा ड्राइव्ह बेल्ट (इंजिनाची ताकद ट्रॅककडे नेणारा पट्टा; दुकानदाराकडून मागून घ्या, बदलायचा कसा ते त्याच्यासमोर एकदा करून बघा), छोटं फावडं, प्रथमोपचार, हेडलॅम्प, काडेपेटी वॉटरप्रूफ डबीत, चकाकती आणीबाणीची चादर, शिट्टी. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र असेल तर फार उत्तम. काही नव्या फोनमध्ये उपग्रहावरून आणीबाणीचा संदेश पाठवायची सोय असते, ती घरी असतानाच समजून घ्या.

खाण्याचं: घरून नेलेलं थालीपीठ डिकीत ठेवलंत तर तासाभरात कौलासारखं कडक होतं. जाकिटाच्या आत ठेवलं तर मऊ राहतं. चिक्की थंडीत दात मोडेल अशी होते, दाण्याचे किंवा तिळाचे मऊ लाडू चांगले. पाण्याची बाटली उलटी ठेवा, बर्फ आधी वरच्या बाजूला धरतो आणि बूच मोकळं राहतं. थर्मासमधला गरम चहा ही तर चैन नव्हे, गरज.

यू.पी.त सगळीकडे 'पॅस्टी' मिळते, तळहातापेक्षा मोठी भाजलेली करंजीच. कॉर्नवॉलहून आलेल्या खाणकामगारांनी ती आणली. आत बहुधा गोमांस, बटाटा आणि रूटाबागा, म्हणजे सलगमसारखा कंद, असतो. काही ठिकाणी भाज्यांची मिळते. न खाणाऱ्यांनी आधी विचारून घ्या.

## टप्पा ७: पहिली सकाळ, मोकळ्या मैदानात

स्लेड मिळाल्या मिळाल्या ट्रेलवर जायचं नाही. एक तास मोकळ्या जागी.

उजव्या मुठीखाली अंगठ्याने दाबायचा थ्रॉटल, डाव्या हाताला ब्रेक. लाल बटण इंजिन बंद करतं. बहुतेक स्लेडला एक दोरी असते, तिचं टोक तुमच्या जाकिटाला अडकवायचं, तुम्ही पडलात की दोरी सुटते आणि इंजिन थांबतं. ही दोरी प्रत्येकाने, प्रत्येक वेळी.

आता सगळ्यात महत्त्वाची चूक. माझी वहिनी पहिल्यांदा बसली तेव्हा मी समोरच उभा होतो. हळू वळण घेत होती, स्लेड किंचित कलली, तिला वाटलं पडणार. घाबरलेला माणूस काय करतो? हाताला असेल ते घट्ट धरतो. तिने मूठ आवळली आणि मुठीबरोबर अंगठाही. स्लेड ओरडत सरळ बर्फाच्या ढिगात शिरली. तिला लागलं नाही. पण तिचा अंगठा मला अजून दिसतो, थ्रॉटलवर पांढरा पडेपर्यंत दाबलेला, आणि ती ओरडत होती, "थांबत का नाहीये ही!"

म्हणून सराव हाच करा. ताशी दहाने चला, समोर उभ्या असलेल्याने हात वर केला की अंगठा उघडायचा, मूठ तशीच. वीस वेळा. अंगठा आपोआप उघडेपर्यंत. ब्रेक नंतर. अंगठा सोडला की स्लेड बरीचशी आपणच मंदावते.

मग वळणं: ज्या बाजूला वळायचं त्या बाजूला अंग झुकवा. पाय कधीच बाहेर टाकू नका. स्कूटरची सवय असलेले सगळे टाकतात आणि घोटा मुरगळतात. मग रिव्हर्स, मग थांबून पुन्हा निघणं.

सावधान: घट्ट झालेल्या किंवा काचेसारख्या बर्फावर स्लेड तापते. इंजिनाचं पाणी गार होतं ते ट्रॅकने वर उडवलेल्या बर्फामुळे, बर्फ उडाला नाही तर गार होत नाही. तापमानाचा दिवा लागला तर कडेच्या मऊ बर्फात जाऊन थांबा.

## टप्पा ८: ट्रेलवर

सगळ्यात पुढे नकाशा कळणारा, दुसरा सगळ्यात हळू चालवणारा, शेवटी सगळ्यात अनुभवी. हळू माणूस शेवटी ठेवला की त्याची दमछाक होते, कारण तो सतत मागे पडून गाठायला बघतो. दुसऱ्या जागेवर ठेवला की गटाचा वेग तोच ठरवतो.

प्रत्येक जण आपल्या मागच्याला जबाबदार. फाट्यावर वळण्याआधी थांबायचं, मागचा दिसला, त्याने हात वर केला, मगच वळायचं. एवढ्या एका नियमाने माणसं हरवत नाहीत.

उजवी कड सोडायची नाही, वळणावर तर मुळीच नाही. समोरून कोण येतंय ते दिसत नाही. समोरच्या स्लेडचा बर्फाचा धुरळा बसेपर्यंत अंतर वाढवा. रस्ता ओलांडताना पूर्ण थांबा, काटकोनात ओलांडा, आणि पुढच्याने ओलांडला म्हणून मागच्याने तसंच जाऊ नये, प्रत्येकाने स्वतः दोन्हीकडे बघायचं. ग्रूमर, म्हणजे ट्रेल सपाट करणारं यंत्र, दिसला तर थांबून त्याला वाट द्या. तो ट्रेलभर रुंद असतो आणि बरेचदा रात्री काम करतो, अंधारात न चालवण्याचं हे आणखी एक कारण.

समोरून येणारे लोक हाताने किती स्लेड मागे आहेत ते दाखवतात, बंद मूठ म्हणजे 'मी शेवटचा'. तुम्हाला एक हात सोडणं जमत नसेल तर उत्तर देऊ नका. कुणी वाईट मानत नाही.

ट्रेलचा बराच भाग खाजगी जमिनीतून जातो, मालकांनी परवानगी दिली म्हणून. कडेचं कोवळ्या बर्फाचं शेत बघून हात शिवशिवतात, पण आत शिरलात की मालक पुढच्या वर्षी परवानगी काढून घेतो आणि ट्रेल सगळ्यांसाठी तुटते. मनापासून सांगतो, हे करू नका.

दर पाऊण तासाला थांबा. हेल्मेट काढून एकमेकांचे गाल, नाक, कान बघा. पांढरा मेणासारखा डाग दिसला तर उघड्या तळव्याने झाका, चोळू नका, आणि जवळच्या उबदार जागी न्या. मुलं "थंडी वाजतेय" म्हणतात तेव्हा ठीक आहे. मूल गप्प झालं की काळजी करा.

## टप्पा ९: अडकलात किंवा बंद पडलात तर

खोल बर्फात रुतलात तर थ्रॉटल दाबत बसू नका, स्लेड आणखी खाली जाते. इंजिन बंद. पुढचा बर्फ पायांनी तुडवून उतरण घट्ट करा, स्कीखालचा बर्फ काढा. मग एकाने स्की ओढायची, एकाने अगदी हळू थ्रॉटल. ट्रॅकच्या मागे कुणीही उभं राहायचं नाही, तिथून बर्फाचे खडे गोळीसारखे येतात.

स्लेड बंदच पडली तर पट्ट्याने ओढा किंवा दोघांच्या स्लेडवर माणूस हलवून पुढे जा, स्लेड ट्रेलच्या कडेला सोडा आणि फाट्याचा क्रमांक लिहून घ्या. हाच क्रमांक दुकानदाराला आणि गरज पडली तर ९११ला सांगायचा. सगळ्याच स्लेड बंद पडल्या, अंधार झाला, तर चालत निघू नका. शोधणाऱ्यांना स्लेड दिसते, जंगलात चालणारा माणूस दिसत नाही. वारा अडेल अशा जागी एकत्र बसा, शेकोटी करा.

## टप्पा १०: परतताना

शेवटच्या दिवशी दुपारी स्लेड परत करून त्याच रात्री डेट्रॉइट किंवा शिकागोला निघणं टाळा. अंग थकलेलं असतं, रस्त्यावर हरणं येतात आणि वारा जोरात असला की यू.पी.ला डेट्रॉइटकडच्या भागाशी जोडणाऱ्या मॅकिनॅक पुलावर निर्बंध लागतात. वरच्या तारांवरून बर्फाचे तुकडे पडायला लागले तर पूल काही वेळ बंदही ठेवतात. एक रात्र जास्त धरा.

स्लेड देताना पुन्हा तोच व्हिडिओ, त्याच क्रमाने. टाकी भरून द्यायची आहे का ते करारात बघा. आणि खोली सोडण्याआधी सगळ्या बिब पँटचे खिसे उलटे करा, दर वेळी कुणाची तरी मोटारीची किल्ली त्यातच राहते.